आधी पुसा, मग पाहा

समोसा हातात आला की सर तो आधी उलटा करत, त्याचं बूड अंगठ्यानं दाबत आणि विचारत, "आजचा का कालचा?"

कॉलेजच्या फाटकासमोरचा हॉटेलवाला रोजच्या रोज दुखावला जायचा. "सर, अभी निकाला है कढाई से. आपके सामने."

"माझ्यासमोर गरम केला. तळला कधी?"

हॉटेलवाला मग माझ्याकडे पाहायचा, म्हणजे मी तरी त्याच्या बाजूनं साक्ष द्यावी. मी देत नसे. बहुतेक वेळा सरांचंच खरं निघायचं.

सर गोंदियातल्या एका खाजगी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक होते. कंत्राटी. म्हणजे दर जूनमध्ये त्यांना नव्यानं नेमलं जायचं आणि दर मे महिन्यात ते कुणीच नसायचे. मुलंमुली त्यांना सर म्हणत, प्राध्यापक त्यांना "अरे" म्हणत, आणि प्रिंटर बिघडला की प्राचार्य त्यांना "आपले तज्ज्ञ" म्हणत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. संस्था त्यांच्यावर चालते आणि संस्थेच्या फलकावर त्यांचं नाव नसतं.

मी तिथली विद्यार्थिनी नव्हते. मी पत्रकं वाटणारी बाई. रानडुकरं धान खातात म्हणून आमच्याकडे काही शेतकरी बांधीभोवती, म्हणजे धानाच्या खाचराभोवती, उघडी तार लावतात आणि तिच्यात सरळ खांबावरची वीज सोडतात. डुक्कर मरतं. कधी माणूस मरतो. मग गावातली चार शहाणी माणसं बसून ठरवतात की तो साप चावून गेला. आमचा पाच जणांचा गट याच्याविरुद्ध पत्रकं छापतो. पत्रकात आम्ही कुणाला सोडत नाही. तार लावणाऱ्याला नाही, पंचनामा करणाऱ्याला नाही आणि जुन्या पाहणीची तारीख बदलून तीच पाहणी नवी म्हणून दाखवणाऱ्या साहेबांना तर मुळीच नाही.

असंच एक पत्रक मी कॉलेजात वाटत होते. सरांनी ते उभ्याउभ्या पूर्ण वाचलं. पत्रक पूर्ण वाचणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

"तारेत वीज सोडू नका, हे लिहिलं. मग डुकराले काय करावं, ते कुठं लिहिलं?"

"ते सरकारचं काम आहे," मी म्हटलं.

"डुकराले सांगतलं का हे?"

तिथून आमची ओळख. पुढे मला ते "का वो पत्रकवाली" म्हणू लागले आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेतल्या मोडक्या स्टुलावर बसू लागले. त्यांना एक डबा बनवायचा होता. तारेत सतत वीज वाहू देण्याऐवजी सेकंदाला एकदा, अगदी क्षणापुरता झटका देणारा डबा. डुक्कर दचकून पळेल, माणूस शिवी देईल, पण दोघंही जिवंत राहतील. अशी झटका मशीनं बाजारात मिळतात. पण स्वस्तातल्या मशीनच्या आत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि बिघडलं की ते भंगारात जातं. सरांना गावात दुरुस्त करता येईल असा डबा हवा होता.

तो आधी कागदावर, मग संगणकावर. संगणकातल्या एका सॉफ्टवेअरमध्ये सर्किट मांडायचं, बटण दाबायचं. सॉफ्टवेअर गणित करतं आणि निकाल एका फाइलमध्ये लिहून ठेवतं. दुसरी एक खिडकी ती फाइल वाचून विजेची लाट काढून दाखवते. काळ्या पडद्यावर हिरवी लाट. सरांनी त्या पडद्यावर एक उभी रेघ ओढून ठेवली होती. झटक्याची लाट या रेघेच्या आत खाली उतरली तर माणूस वाचतो. रेघ ओलांडून रेंगाळली तर वाचेलच असं नाही.

यात एक खोट आहे. तुम्ही सर्किट बदललं आणि गणित मधेच फसलं, तर खिडकीत जुनी लाट तशीच दिसत राहते. तेवढीच हिरवी, तेवढीच ठाम. मी कालची आहे असं ती कुठे म्हणत नाही. म्हणून सर प्रत्येक वेळी आधी निकालाची फाइल काढून टाकत. पडदा कोरा करकरीत व्हायचा. मग बटण दाबत.

"दर वेळी कायले?" मी एकदा विचारलं. "तुम्हाला तर माहीत असतं कोणती जुनी ते."

त्यावर त्यांनी मला तळ्याची गोष्ट सांगितली. त्यांचं गाव अर्जुनी मोरगावच्या पलीकडे. घराण्यानं पिढ्यान् पिढ्या तळी बांधली, राखली. वडील गावाच्या तळ्याचं पाणी वाटत. पाणी सोडायच्या तोंडाशी एक उभा दगड, त्याला खाचा. वडील रोज सकाळी पाणी कोणत्या खाचेला आहे ते पाहत आणि तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन त्या खाचेवर खूण करत. खालच्या बांधीतल्या लोकांना ती पांढरी खूण दुरून दिसे, त्यावर दिवसाची वाटणी ठरे. पण पाणी पाहण्याआधी वडील कालची खूण ओल्या हातानं पुसून काढत. रोज. पाणी जराही उतरलेलं नसलं तरी.

"खूण राहिली का माणूस पाणी पाहत नाही," सर म्हणाले. "खूण पाहते."

एवढं बोलून त्यांनी फाइल काढून टाकली.

कॉलेजात ही सवय त्यांना महागात पडायची. एकदा बाहेरून तपासणी समिती येणार होती. प्राचार्यांनी फर्मान काढलं की प्रयोगशाळेतल्या सगळ्या संगणकांवर लाटा दिसल्या पाहिजेत, सब चालू दिखना चाहिए. मुलींनी आदल्या दिवशी सगळीकडे लाटा लावून ठेवल्या. समिती दारात आली आणि सरांनी सवयीनं सगळ्या पुसल्या. साहेब लोक आत आले तेव्हा समोर रांगेनं काळे पडदे.

"ये क्या है?" प्राचार्य दात आवळून म्हणाले.

"सर, आता सुरू करून राहिलो. कालचं कायले दाखवू साहेबांले?"

समितीतला एक म्हातारा हसला म्हणतात. प्राचार्य हसले नाहीत. ते त्यांनी लक्षात ठेवलं.

आता मंजुळाबाईंबद्दल सांगितलं पाहिजे. त्या सरांच्या गावच्या, घराला घर लागून. सर त्यांना वहिनी म्हणत, त्या सरांना भाऊजी. डब्याचं हे चाललं होतं त्याच्या दोन वर्षं आधी त्यांचा नवरा बांधीतलं पाणी पाहायला गेला आणि शेजारच्या शेताच्या तारेला चिकटला. त्यालाही गावानं साप लावला. आमच्या पत्रकावर त्यांचं दुःख आम्ही दोनदा छापलं होतं. डब्याच्या वर्षी धान निसवलं आणि डुकरांचा कळप नेमका त्यांच्या बांधीत शिरू लागला. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा सपरीत, म्हणजे ओसरीवर, तारेचं नवंकोरं भेंडोळं पडलेलं होतं.

"हे काय?" मी विचारलं.

"तार," मंजुळाबाई म्हणाल्या. "माझा माणूस गेला तारेनं, आता धान जाऊन राहिलं डुकरानं. मी खाऊ काय? तुमचं पत्रक?"

मी त्यांना गप्प करायला एक वचन दिलं. येत्या शनिवारी सरांचा डबा तुमच्या बांधीवर बसेल. साऱ्या गावासमोर बसेल. तोवर तार लावू नका. त्या म्हणाल्या, शनिवारपर्यंत थांबते, रविवारी लावते.

डब्यात एक कपॅसिटर लागायचा. वीज क्षणभर साठवून एकदम सोडणारा भाग. नेमका तो गोंदियात मिळेना. सर नागपूरला गेले. तिथेही तो नव्हता, त्याच्यापेक्षा मोठा होता. त्यांनी दुकानातूनच मला फोन केला. मी प्रयोगशाळेतच बसले होते.

"सर्किटमध्ये हा नवा आकडा टाक. बटण दाब. लाट रेघेच्या आत राहते का सांग. आत असली तर घेतो, नाही तर दुसरं पाहतो."

मी आकडा टाकला. बटण दाबलं. एक चौकोन उगवला, त्यात लाल अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. मी तो बंद केला. चौकोन बंद करायची आपल्या सगळ्यांनाच सवय झालेली आहे. पडद्यावर लाट होती, सुरेख, रेघेच्या आत.

"मस्त आहे, सर. आत आहे."

"फाइल काढून टाकली होती ना आधी?"

छापखान्यात कागद तयार होता. शनिवार चार दिवसांवर होता. मी म्हटलं, "हो."

काढली नव्हती.

त्या लाटेचा मी मोबाइलवर फोटो काढला आणि संध्याकाळी पत्रकावर छापायला दिला. वर ठळक अक्षरांत, "हात लावून पाहा". खाली, "सत्य लपवणाऱ्यांना जिवंत पुरावा". हे दुसरं वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून परीक्षा होती, प्रयोगशाळेला कुलूप लागलं. सरांनी माझ्या शब्दावर घरीच डबा जोडला. शनिवारी सकाळी आम्ही बल्लारशाच्या गाडीत बसलो. डबा त्यांच्या मांडीवर, पत्रकांचे गठ्ठे माझ्या झोळीत. सौंदड गेल्यावर मी कौतुकानं एक पत्रक त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी वाचलं नाही. नुसती लाट पाहिली. चष्मा वर करून पाहिली, मग खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. समोरच्या बाकावरची बाई त्यांना चणे देत होती, तेही त्यांनी घेतले नाहीत.

"ही मंगळवारची का?"

"हो."

"नवा भाग मोठा आहे वो. त्याच्यानं लाट हळू उतरली पाहिजे. ही तर पहिल्यासारखीच झटकन खाली आली." मग जरा वेळानं, "फाइल काढली होती ना?"

"आठवत नाही," मी म्हटलं. हे दुसरं खोटं.

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. डबा मांडीवरून उचलून बाकाखाली ठेवला, पायाशी धरून बसले.

बांधीवर गाव जमलं होतं. मंजुळाबाईंनी तार ओढून तयार ठेवली होती आणि सगळ्यांत आधी हात त्याच लावणार होत्या. तसं पत्रकातच छापलेलं होतं, माझ्याच शब्दांत. सर बांधावर उभे राहिले आणि म्हणाले, "आज डबा लागत नाही."

"काऊन जी?" मागून एक जण म्हणाला. "आपल्याच डब्याले भिऊन राहिले का?"

"हो. भिऊन राहिलो."

लोक हसले. सर हसू ओसरेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "माझ्याकडून चूक झाली. जुना निकाल नवा म्हणून छापून आला. हा डबा सध्या किती मारते, मले माहीत नाही. जवळची पत्रकं परत द्या."

माझ्याकडून, असं म्हणाले. मी त्यांच्या शेजारी उभी होते. कलेक्टर कचेरीसमोर भोंग्याशिवाय बोलणारी मी. तोंडात एकच वाक्य होतं, आणि ते काही बाहेर आलं नाही. मी खाली वाकून पत्रकं गोळा करायला लागले. वाकलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

मंजुळाबाई म्हणाल्या, "भाऊजी, डुकरं तुमचा शनिवार-रविवार पाहून येते का? मी उद्या सरळ लाइन सोडते."

"आठ दिवस द्या, वहिनी."

"आठ दिवसांत काय राहील?"

"सारं राहील. मी राखतो."

आणि ते राखायला बसले. बांधाच्या कडेला मचाण होतं, हातात तेलाचा रिकामा डबा आणि काठी. प्रयोगशाळेतले तज्ज्ञ आठ दिवस डबडं बडवत होते, आणि मंजुळाबाईंची तार सपरीत भेंडोळ्यातच राहिली. कॉलेजला त्यांनी निरोप पाठवला होता. तो प्राचार्यांना मिळाला नाही, असं प्राचार्य म्हणतात.

तिसऱ्या दिवशी मी आमच्या गटातला जुना लॅपटॉप घेऊन गेले. सपरीत, त्या भेंडोळ्याच्या शेजारीच, सरांनी सर्किट मांडलं आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

"पुस."

मी फाइल काढली. पडदा कोरा झाला. मोठ्या कपॅसिटरचा आकडा टाकून त्यांनी बटण दाबायला सांगितलं. लाट आली. वर चढली आणि उतरताना रेंगाळली. उभी रेघ ओलांडून पलीकडे गेली, तरी उतरतच होती. मंजुळाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "हे काय होय?"

"परवा आपण हे लावणार होतो," सर म्हणाले.

मंजुळाबाईंना लाटेतलं काही कळत नव्हतं, पण त्यांनी आपला उजवा हात पदरात घेतला.

मग सरांनी पडद्यावर तसलेच दोन कपॅसिटर एकामागे एक जोडले; नागपूरहून त्यांनी एक जास्तीचा आणलेला होता. तसं केलं की साठवण निम्मी होते. पुन्हा म्हणाले, "पुस." पुन्हा कोरा पडदा. पुन्हा लाट, आणि ही रेघेच्या बरीच अलीकडे खाली आली. त्यांनी ती तीनदा काढायला लावली. तिन्ही वेळा आधी पुसायला लावून.

नवव्या दिवशी डबा बसला. या वेळी पत्रक नव्हतं, गावही नव्हतं, आम्ही तिघंच. पहिला हात सरांनी लावला. "हूं," म्हणाले. मग मी लावला आणि जे बोलले ते इथे लिहिता येत नाही. शेवटी मंजुळाबाई. त्यांनी एक बोट लावलं, झटकलं, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि पुन्हा लावलं.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "एवढंच असतं तर ते घरी आले असते."

सर कॉलेजात परतले तेव्हा टेबलावर पत्र होतं. विनापरवानगी गैरहजर, सबब सेवा समाप्त. मी पेटून उठले. पेटून उठायला मला एरवीही फार लागत नाही. दोन दिवसांत कॉलेजविरुद्ध पत्रक काढलं, कंत्राटी पद्धतीचे वाभाडे काढले, प्राचार्यांना "शिळ्या लाटांचे सौदागर" म्हटलं. त्यात सरांच्या आठ दिवसांवर पूर्ण परिच्छेद होता. ते आठ दिवस कशामुळे लागले, यावर एक ओळही नव्हती.

पहिली प्रत मी त्यांना गावी नेऊन दिली. त्यांनी पूर्ण वाचली, नेहमीसारखी.

"भाषा चांगली आहे," म्हणाले. "पण आधी पुसलं नाही तू."

मी ती प्रत त्यांच्या हातून घेऊन तिची घडी घातली. मग म्हटलं, "सर, त्या दिवशी मी फाइल काढली नव्हती. तुम्हाला खोटं सांगितलं."

"माहीत आहे. गाडीतच समजलं."

"मग बोलले काऊन नाही? गावासमोर?"

"ते तुले बोलायचं होतं. मी कायले बोलू?"

पत्रकं आम्ही तरीही वाटली. छापून झाली होती. त्या वाक्याची जागा भरायला मला आज हा लेख लिहावा लागतो आहे.

त्यानंतर सर गावीच राहिले. आसपासच्या गावांत डबे जोडून द्यायचे, बिघडले तर सायकलनं जाऊन दुरुस्त करायचे. वडिलांचं पाणीवाटपाचं काम लोकांनी त्यांच्यावर सोपवलं. मी गेले की विचारायचे, "बातमी आजची का कालची?" कॉलेजनं म्हणे आता प्रवेशद्वाराशी मोठा पडदा लावला आहे. त्यावर दिवसभर सरांची ती पहिली हिरवी लाट फिरत असते, खाली "आमचे संशोधन" असं लिहून. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा इतके हसले की ठसका लागला.

यंदा भादव्यात ते गेले. ताप आला, साधाच वाटला, तिसऱ्या दिवशी अर्जुनीच्या दवाखान्यात नेता नेता गेले. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. पाऊस दहा-बारा दिवस दडी मारून बसला होता, धानाला पाण्याची गरज होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच तळ्यावर गेले.

दगडावर त्यांची शेवटची खूण होती. चुन्याचं एक बोट, जरा तिरपं, ते नेहमी ओढायचे तसं. पाणी तिच्या बरंच खाली गेलेलं. मी ती खूण पाहत उभी राहिले. डोक्यात शब्द जुळायला लागले होते, या दगडाला कुणी हात लावू नये, असं काहीतरी. ठळक अक्षरांत.

मागून मंजुळाबाई आल्या.

"सरका वो ताई," त्या म्हणाल्या. "लोक उभे आहेत खाली."

त्या पाण्यात उतरल्या, हात ओला केला आणि खूण पुसली. दोनदा हात फिरवावा लागला, चुना वाळून घट्ट बसला होता. मग वाकून पाणी पाहिलं. कनवटीची डबी काढली. ती सरांची होती. एक बोट चुना घेऊन त्यांनी खालच्या खाचेवर रेघ ओढली आणि बांधीकडे तोंड करून ओरडल्या, "तीन खाचा."

आणि पाणी सोडलं.